वडिलांच्या पेटीत असईचं गाव

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहतो, वय ३६. आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळतो, पंधरा मिलिमीटरच्या सैनिकांच्या फौजा घेऊन. सध्या असईची लढाई मांडतोय. सैनिकांची सोय आहे, त्यांचे डबे ठरलेले आहेत. अडचण टेरेनची आहे. मातीची चौदा घरं, गावकुसाचे वीस तुकडे, तीसेक बाभळी-निंब आणि दोन नद्यांचे मिळून सोळा तुकडे (प्रत्येक एक फूट लांब, तीन इंच रुंद) एवढा पसारा मी पुठ्ठ्याच्या खोक्यातून स्कूटरवर नेतो. जुलैत खोकं भिजलं आणि गावकुसाची एक अख्खी बाजू चेपली. घरात माळ्यावर बाबांच्या दोन पेट्या आहेत. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. एक पाच कप्प्यांची लोखंडी पेटी, १८ इंच लांब, ८ इंच रुंद. दुसरी ड्रिल मशीनची प्लास्टिकची. मी लोखंडी पेटीबद्दल विचारलं तेव्हा बाबांनी काही न बोलता तिचं झाकण लावलं. आई म्हणाली, "त्या पेटीला हात लावू नकोस." नवीन चाकांची तीन मजली टूल बॉक्स घ्यावी का? की यातलीच एखादी वापरता येईल? आणि बाबांचं काय करू?
– खोक्याला कंटाळलेला

उत्तर : पेटीचं आधी सांगतो, बाबांचं शेवटी. पण दोन्हींचं उत्तर एकाच वस्तूत आहे, आणि ती ड्रिलची पेटी नव्हे.

ड्रिलच्या पेटीला तर हातच लावू नका. मी लावला होता. तिच्या आतला आकार मशीनच्या बेताचा ओतलेला असतो, म्हणून मला वाटलं की आतले उंचवटे कापून टाकले की छान मोकळी पेटी मिळेल. एक रविवार करवतीच्या पात्याने कापत बसलो. त्या पेटीला दोन पदर असतात, आतला आणि बाहेरचा, मध्ये पोकळ. आतले खाचखळगे म्हणजे नुसती मशीनची जागा नसते, पेटीची ताठरताही तिथूनच येते. आतला पदर कापल्यावर झाकण पिळवटायला लागलं, दोनपैकी एक क्लिप कायमची बसेना, आणि कापलेल्या कडांनी बोटं सोलली ती वेगळीच. तुमची पेटी शाबूत असेल तर तिच्यात ड्रिल ठेवा. ते तिचं काम आहे.

चाकांची तीन मजली पेटी चांगली वस्तू आहे, पण तुम्ही स्कूटरवर जाता. लिफ्टपासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून मित्राच्या दारापर्यंत ढकलत न्यायची असेल तर तिच्यासारखं काही नाही. स्कूटरच्या पायदानावर ती उभी राहात नाही आणि मागच्या सीटवर बांधली तर वळणावर तुम्हाला घेऊन जाते. शिवाय दुकानात तिचं जे माप सांगतात ते बाहेरचं असतं. ओढायच्या दांड्याची खोबण आत येते, भिंती खाली निमुळत्या होत जातात, आणि तळाशी जागा निघते ती पाटीवर लिहिलेल्यापेक्षा बरीच कमी. कधी घ्यायचीच झाली तर बोहरी आळीत जाताना नदीचा एक तुकडा पिशवीत टाकून न्या आणि तळाला आडवा ठेवून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

मला तुमच्या पत्रातली लोखंडी पेटी आवडली. कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे ती लोखंडी आहे. टेरेन मोडतं ते वजनाने कमी आणि आतल्या आत आपटून जास्त. खोक्यात तुमचं गावकूस पावसाने चेपलं हे खरं, पण ते खोकं कोरडं असतं तरी प्रत्येक गतिरोधकाला घरं एकमेकांवर आदळतच होती. रंगाचे टवके उडाले असतील, बघा कोपऱ्यांवर. घराच्या बुडाला लोहचुंबकी रबराची पट्टी लावली (फ्रिजवर जाहिराती चिकटवतात तीच, पत्रकं छापणाऱ्यांकडे किंवा स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात शीट मिळते) की घर कप्प्याच्या पत्र्याला धरून बसतं. प्लास्टिकच्या पेटीत हेच करायचं तर आधी आत पत्रा चिकटवावा लागतो. तुमच्याकडे पेटीच पत्र्याची आहे. छोटे चकतीचे ताकदवान लोहचुंबक वापरायचा मोह होईल. घरांना नका वापरू. ते इतके घट्ट धरतात की घर उचलताना बूड पेटीत राहतं आणि भिंती हातात येतात. ते झाडांना ठीक, कारण झाडाला बूड लहान आणि डोकं मोठं.

दुसरं, कप्पे. तुमच्या पेटीत खाली एक खोल तळ आणि वर दोन्ही बाजूंना दोन-दोन कप्पे असणार, पट्ट्यांवर उघडणारे. वरच्या दोन कप्प्यांना झाकण आहे. मधल्या दोघांचं झाकण म्हणजे वरच्या कप्प्यांची बुडं. इथेच सगळे फसतात. पेटी बंद करताना वरचा कप्पा सरळ वरून खाली बसत नाही, तो वर्तुळातून, बाजूने झुलत येतो. म्हणजे मधल्या कप्प्यात ठेवलेली बाभूळ उभी मावली तरी पेटी मिटताना तिचा शेंडा खरवडला जातो. मोजपट्टीने हे कळत नाही. मला कळलं ते कणकेने. पोळ्यांच्या कणकेचा सैलसर गोळा घ्या, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळा, कप्प्यात अगदी आतल्या कडेला ठेवा आणि पेटी हळू बंद करून उघडा. गोळ्याची उरलेली उंची ही तुमची खरी उंची. मग तोच गोळा बाहेरच्या कडेला ठेवून बघा, फरक दिसेल. कप्पा दोन इंच खोल म्हणून दोन इंच मिळत नाहीत. एका कडेला पावणेदोन मिळाले तरी चांगलं. घरं कमी उंचीची, ती मधल्या कप्प्यांत. गावकुसाचे तुकडे वरच्या कप्प्यांत, जिथे झाकण आहे. झाडं आडवी.

हो, झाडं आडवीच. झाडं उभी ठेवायचा हट्ट सोडून द्या. एका लांब पट्टीवर पाच-सहा झाडं खोचलेली नेण्यापेक्षा, प्रत्येक झाड सुटं, खोडाला लहानसा चुंबक, आणि मध्येमध्ये पॅकिंगच्या पांढऱ्या फोमच्या पट्ट्या. टीव्हीच्या खोक्यात येतो तो मऊ पांढरा फोम. गादीवाल्याकडचा पिवळा स्पंज आणू नका. तो आज छान दिसतो, पण आपल्या पावसाळी हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि नंतर त्याचा भुगा पडतो, तो पानांच्या चुऱ्यात मिसळला की झाडंच फेकावी लागतात. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची न घसरणारी मॅटही नको. त्यातलं मऊ प्लास्टिक रंगाला आणि प्लास्टिकच्या भागांना हळूहळू चिकटतं. उन्हाळ्यानंतर उघडाल तेव्हा घराच्या बुडावर जाळी छापलेली असेल. बाजूच्या भिंतींना फेल्ट लावा. तळाला लावू नका, नाहीतर चुंबकाची पकड सैल पडते.

आता नद्या. असईत नद्याच लढाई ठरवतात हे तुम्हाला सांगायला नको, पण जे वाचक हे सदर नुसतं चहाबरोबर वाचतात त्यांच्यासाठी सांगतो : २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभी होती (इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावं कैटना आणि जुआ अशी येतात). वाटाड्यांनी सांगितलं की नदीला उतार, म्हणजे पायी पार व्हायची जागा, नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ताडलं की एवढ्या जवळ दोन गावं आहेत म्हणजे मध्ये माणसं ये-जा करत असणारच, उतार असणारच. तो होता. तेव्हा तुमच्या टेबलावर त्या दोन गावांची चार-चार घरं घरी विसरलात तर अख्खा डाव विसरलात. ती आठ घरं एका कप्प्यात एकत्र ठेवा, आणि असईची मोठी वस्ती दुसऱ्यात. कोणती वस्तू कुठल्या आकाराची आहे याच्या हिशोबाने पेटी भरू नका, टेबलावर मांडायच्या क्रमाने भरा. नद्या तर टेबलावर सगळ्यात आधी लागतात, मग त्या तळात कशा ठेवायच्या, असं वाटेल, पण तळ सगळ्यात शेवटी रिकामा होतो हे खरं नाही : पाचही कप्पे एकदम उघडतात, तळ मध्ये मोकळा दिसतो. या पेटीची हीच गंमत आहे.

तुमच्या मापाप्रमाणे नद्या तळात बसतात. एका थरात दोन तुकडे शेजारी-शेजारी, असे आठ थर. प्रत्येक तुकडा अर्धा सेंटिमीटर जाड धरला तरी चार सेंटिमीटर. एक फुटाचा तुकडा ठेवल्यावर लांबीत सहा इंच उरतात. तिथे टेकड्यांचे लहान तुकडे किंवा फासे, टेप, नियमांची वही. पण थरांमध्ये बटर पेपर घाला, आणि प्लास्टिक मुळीच नको. पाण्याला चमक आणायला तुम्ही जे अॅक्रिलिकचं चकचकीत वार्निश लावलंत ना, ते वाळलं तरी उन्हाळ्यात थोडं चिकटच राहतं. वर दुसरा तुकडा दाबून ठेवला की दोन्ही पाणी एकमेकांना धरतात. मी एकदा माझी नदी सोडवताना तिचा अर्धा काठ शेजारच्या नदीच्या पात्रात गेला, आणि खालून दोऱ्याचं कापड दिसायला लागलं. बटर पेपर बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. कापून ठेवा, प्रत्येक वेळी तोच वापरा.

पेटी आधी धुवायला हवी, हे काम टाळू नका. तीस-चाळीस वर्षांचं ग्रीस आणि तेल त्या कोपऱ्यांत आहे. डिझेलच्या फडक्याने पुसा, मग भांड्याच्या साबणाने दोनदा, मग उन्हात. आणि नंतर दोन-तीन दिवस उघडी ठेवा, वास जाईपर्यंत. हा वासाचा मुद्दा नाकासाठी नाही. तुमची घरं थर्माकोलची किंवा दाट फोमची असतील तर पेट्रोल-डिझेलच्या जातीचे द्रव त्यांना खातात. गंजाचे ठिपके पॉलिश पेपरने घासा आणि प्रायमर मारा. स्प्रेचा रंग मारलात तर तोही पूर्ण वाळू द्या, त्यातला सॉल्व्हंटही फोमला तेच करतो.

वजन. रिकामी पेटीच चार-पाच किलो भरेल. ती मुठीने उचलून स्कूटरच्या हुकाला लटकवायची नाही. लटकवली की झुलते आणि आत सगळं तिरपं होतं. पायदानावर सपाट, खाली एक जुना टॉवेल, वरून पट्टा. झाकणाची दोन पाखं मध्ये जिथे मिळतात तिथून पाणी शिरतं, म्हणून पावसाळ्यात तिच्यावर रेक्झिनची खोळ किंवा निदान जाड प्लास्टिकची पिशवी. मोरपिशी रंगाच्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या तर गंजही आवरतो.

घरं थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतली असतील तर आणखी एक. साधारण प्रिंटर पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात आणि ते ६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं. बंद गाडीच्या डिकीत मेमध्ये तेवढं सहज होतं. माझं एक देऊळ सोलापूरला जाताना डिकीत राहिलं. संध्याकाळी काढलं तेव्हा शिखराने नम्रपणे मान खाली घातली होती. ते मी अजून ठेवलंय. भूकंपानंतरचं देऊळ म्हणून चालतं. लोखंडी पेटी उन्हात तापते, प्लास्टिकपेक्षा लवकर. मित्राच्या इमारतीखाली सावलीत गाडी लावा, इतकंच.

टेरेन साठवायची ही कटकट तुमची-माझीच नाही. १८१२ मध्ये प्रशियात रायस्विट्झ नावाच्या सरदाराने राजा तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमसाठी युद्धखेळ तयार केला. त्याने टेबलच असं केलं की ते एक मोठं कपाट होतं, खालच्या खणांत नद्या, रस्ते, टेकड्या रंगवलेल्या चौरस फरशा, आणि वर पट मांडला की साधारण सहा फुटांचं रणांगण. राजाला आणि राजपुत्रांना खेळ आवडला. पण एवढं कपाट घेऊन फिरणार कोण? त्याच्याच मुलाने पुढे तो खेळ १८२४ मध्ये काढला तेव्हा फरशा टाकून दिल्या आणि कागदी नकाशा घेतला. मग तो खेळ लहान पेटीतून अधिकाऱ्यांपर्यंत पोचला. मुलाने वडिलांच्या कपाटाचं काय केलं हे बघितलंत ना? तुम्ही तेवढं टोक गाठू नका.

आपल्याकडे तर हा प्रश्न कधी आलाच नाही. दिवाळीचा किल्ला आपण अंगणात मातीचा केला, अळीव पेरलं, मावळे उभे केले आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो पावसाने-मांजराने खाल्ला. ठेवायचे ते मावळेच, बिस्किटाच्या डब्यात. बाकी सगळं पुढच्या वर्षी नव्याने. म्हणून मराठी माणसाला टेरेन बनवता येतं पण ठेवता येत नाही, असं माझं एक फुटकळ मत आहे, आणि ते मी कुणाशी वाद घालून सिद्ध करणार नाही.

आता पुढचं टेरेन कराल तेव्हा उलटं करा. आधी पेटी, मग घर. कप्प्याची रुंदी चार इंच असेल तर वस्तीचं बूड साडेतीन इंचांचं कापा, एमडीएफचं, तीन मिलिमीटर जाड. नदीचा तुकडा फुटाचा, हे माप चांगलं आहे, बदलू नका. जर्मनीत १९९३ पासून फेस्टूल या हत्यारांच्या कंपनीच्या ज्या सिस्टेनर पेट्या निघतात, त्यांचा तळ एकाच मापाचा आणि उंची मात्र वेगवेगळी, म्हणून एकावर एक चपखल बसतात. तिकडचे कारागीर त्या मापाला धरूनच सामान लावतात. तुमच्या बाबांच्या कारखान्यातही कुणी कप्पे असेच मापात धरून भरत असेल, विचारा.

आणि इथे बाबा येतात.

त्यांनी न बोलता झाकण लावलं यावरून मी एवढंच वाचतो की त्यांना वाटलं, हा माझी पेटी रिकामी करणार. पेटी म्हणजे काय त्यांच्यासाठी, तुमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ती पाटावर येत असेल, पाना-हातोडीला हळदकुंकू लागत असेल. ते घरात नसताना ती उघडून धुवून ठेवली, तर ती धुतली म्हणून ते रागावणार नाहीत. त्यांना विचारलं नाही म्हणून रागावतील. माळ्यावर शिडी लावण्याआधी त्यांच्या पुढ्यात एक गावकूस नेऊन ठेवा. चेपलेलंच न्या. "हे स्कूटरवर चेपलं, तुमच्या पेटीत कसं बसवायचं?" एवढंच विचारा. फिटरला "कसं बसवायचं" हा प्रश्न विचारला की तो गप्प बसत नाही. खेळ म्हणजे काय, लढाई कुठली, हे नंतर. कप्प्यांतले विभाग करायला ते पुठ्ठा वापरू देणार नाहीत, पत्रा वाकवून आणतील आणि रिव्हेट मारतील. तुमच्या फोमच्या पट्ट्यांवर थोडं हसतील. पेटीच्या पट्ट्यांचे सांधे ढिले असतील तर तेही त्यांना दिसेल. तुम्हाला ते रस्त्यात दिसलं असतं.

आईला वेगळं काही सांगायची गरज पडणार नाही, कणीक मागायला गेलात की तिला कळेलच.

दोन गोष्टी ठरवून टाका. खंडेनवमीला पेटी रिकामी होऊन पाटावर येते, त्या दिवशी असई डब्यात जाते. आणि पाचातला एक वरचा कप्पा त्यांच्या हत्यारांचा राहतो, टेरेनसाठी नाही. तुम्हाला तसाही तो लागणार आहे : बारीक पक्कड, छोटा स्क्रू ड्रायव्हर, कानस, झटपट गोंदाची ट्यूब, कारण खेळाच्या दिवशी काही ना काही निखळतंच. तो कप्पा तुम्ही भरू नका, त्यांना भरू द्या. कुठली पक्कड घालायची यावरून त्यांचं तुमचं वाजेल. ते सांगतील तीच घ्या.